चोरकप्प्यातलं कोकरू

मी सांगलीत घड्याळं दुरुस्त करायचो. स्प्रिंग, दातेरी चक्र आणि खिट्टी यांच्यापलीकडं जगात काही असतं यावर माझा विश्वास नव्हता, आणि अशा माणसाला जादूची हौस का लागावी हे मला आजही सांगता येणार नाही. पण शेहेचाळीस साली ती लागली. गणेशोत्सवात गल्लीत एक प्रयोग केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला लगेच शिंगं फुटली.

माझा शेजारी नानासो घोंगड्यांचा व्यापारी. लोकर घ्यायला तो आटपाडीकडं निघाला होता. म्हणाला, "चल बरोबर. धनगरांना तुझी जादू दाखव. माणसं खूश झाली की सौदा गोडीनं होतो."

पेटी मीच बनवलेली. सागवानी, कमरेएवढी उंच, वर झाकण. आतला तळ खोटा. खिट्टी दाबली की आतलं जनावर अलगद खालच्या चोरकप्प्यात उतरायचं आणि वरचा कप्पा रिकामा दिसायचा. लांब एका डालग्याखाली, म्हणजे कोंबड्या झाकायच्या टोपलीखाली, तसलंच दुसरं जनावर आधीच झाकून ठेवायचं. सांगलीत हा प्रयोग मी सशांवर केला होता. ससा सशासारखाच दिसतो, त्यामुळं कुणाची तक्रार आली नाही. या वेळी वाटेत विट्याच्या बाजारातून मी काळ्या तोंडाचं एक कोकरू घेतलं.

माणगंगेच्या कोरड्या पात्राशेजारी धनगरांचा तळ होता. कातरणी चालू होती. कातऱ्यांची करकर, लोकरीचा उग्र वास आणि कातरून मोकळी झालेली मेंढरं. ती तर मला सगळी एकाच छापाची वाटली. तिथला म्हातारा बिराप्पा. त्याच्या सुनेनं, तानुबाईनं, काळ्या तोंडाचं आपलं कोकरू मला दिलं. तिच्या पाठीशी झोळीत तान्ही मुलगी होती.

कोकरू पेटीत घातलं. झाकण लावलं, उघडलं. पेटी रिकामी. माणसं पुढं सरकली. मी ऐटीत जाऊन डालगं उचललं आणि टाळ्यांची वाट पाहत उभा राहिलो.

"ह्ये ते न्हवं," तानुबाई म्हणाली.

सगळा तळ हसायला लागला. बिराप्पानं मला समजावलं, "पावनं, ह्ये विट्याकडचं हाय. आमचं कुटं ठिवलंय?"

दोनशे मेंढरं ही माणसं तोंडावरून ओळखत होती, आपण शेजारीपाजारी ओळखतो तशी. हे मला आधी सुचायला हवं होतं. झाकली मूठ उघडण्याशिवाय इलाज नव्हता. मीही हसलो, पेटीची खालची फळी काढली आणि आतलं कोकरू बाहेर घेतलं.

"हे घ्या तुमचं."

हसू थांबलं. कातऱ्याही थांबल्या.

बिराप्पा गुडघ्यावर बसला. त्यानं कोकराचा कान उलटा करून आतली खूण पाहिली. "ह्ये मागल्या सालचं," तो म्हणाला. "लांडग्यानं न्हेलेलं."

मला वाटलं, माझ्या फजितीवर हे मीठ चोळतायत. पण कळपातून एक मेंढी धावत आली. तिनं कोकरू हुंगलं आणि पाय फाकून उभी राहिली. ते कासेला लागलं. मेंढी परक्याचं पिल्लू अंगाला लागू देत नाही, हे नानासो माझ्या कानाशी पुटपुटला. शिवाय साल उलटलं तरी ते कोकरू तेवढंच राहिलं होतं.

मी चोरकप्प्यात कोपरापर्यंत हात घालून फळीन् फळी चाचपली. लाकूड गार लागलं. तानुबाईचं कोकरू आत नव्हतं. मी घाबरलो, आणि घाबरलो हे कुणाला कळू नये म्हणून फळी लावून पेटी नानासोच्या बैलगाडीवर नेऊन ठेवली.

तानुबाई मागोमाग आली. कोकराबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही.

"एक ठिवलं की दुसरं येतं, व्हय?"

"नाही बाई. ही नुसती हातचलाखी असते."

"तुमची न्हवं ती," ती म्हणाली.

बिराप्पानं जेवल्याशिवाय सोडलं नाही. खोपीच्या सावलीत भाकरी आणि मटकीची आमटी होती.  जेवताना नानासोनं हळू आवाजात सांगितलं, की तानुबाईचा थोरला, सिद्धू, तीन वर्षांचा होऊन मागल्या साली तापानं गेला. तेव्हापासून ती धड कुणाशी बोलत नाही.

मी घास तसाच ठेवून उठलो.

उन्हं उतरायची होती. तानुबाई गाडीवर बसली होती, पेटीला टेकून. पाठीची झोळी सपाट झाली होती.

"मुलगी कुठाय?"

"ठिवली," ती म्हणाली. "उगडा आता."

मी झाकण उघडलं. वरचा कप्पा रिकामा होता. माझ्या मागं बिराप्पा येऊन उभा राहिला, त्याच्या मागं बाकीची माणसं.

मी खालची फळी ओढून काढली.

आत तीनएक वर्षांचा मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. अंगावर काही नव्हतं. तो उजेडाला डोळे मिचकावत बाहेर आला.

"तानू," बिराप्पानं विचारलं, "आपला सिद्धू हाय का?"

तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. खूप वेळ पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली.

मी पुन्हा पेटीत हात घातला. पार कोपऱ्यापर्यंत. मुलगी नव्हती.

पोरानं तिच्याकडं हात पसरले. तिनं एकदा पेटीकडं पाहिलं. मग त्याला उचलून कडेवर घेतलं, अंगावर पदर टाकला आणि सासऱ्याकडं वळली.

"मामंजी," तिनं विचारलं, "ह्येचं नाव काय ठिवायचं?"