काठावरचे मुके फोन

"अकरा वाजले! कान झाका!" ढब्बू ओरडला आणि गावभरचे फोन एकदम कोकलू लागले. पूर आलाच तर सगळ्यांना वेळेवर कळावं, म्हणून आज इशाऱ्याची चाचणी होती.

टिकली नदीकाठी उभी होती. समोर तिची मावशी, म्हणजे ढब्बूची आई, गुडघाभर पाण्यात दवाखान्याच्या चादरी पिळत होती. दगडावर ठेवलेला तिचा फोन मात्र ढिम्म!

"रेंज नसेल," ढब्बू म्हणाला.

"मग तुझ्या हातातला तुझ्या बाबांचा फोन कसा बोंबलला, शहाण्या?"

"बरंच झालं की!" मावशी हसली. "काच बदलून आणल्यापासून गुणी झालाय बिचारा."

शेजारी धुणाऱ्या दोघींचेही फोन मुके होते. त्यांनीही काच त्याच दुकानात बदललेली! टिकलीने ढब्बूला ओढतच पुलाजवळच्या त्या दुकानात नेलं.

"मीच बंद करतो तो इशारा," दुरुस्तीवाले काका ऐटीत म्हणाले. "मागच्या चाचणीला तान्ही पोरं दचकली, लोक माझ्याच नावाने बोटं मोडत आले. आता दुकानात येईल त्या फोनचं तोंड बंद. फुकट सेवा!"

"आणि खरंच पाणी आलं तर?" टिकलीने विचारलं.

"सुट्टी आहे ना? खेळा जा! मोठ्यांना अक्कल शिकवू नका."

ढब्बू मागे सरला. टिकलीने पाय रोवले.

"बरं, काका. पण मघाशी तुमचा फोन वाजला का हो?"

"वाजणारच! दुकान नदीला लागून आहे माझं. उद्या पाणी आत शिरलं तर..." काका बोलता बोलता थांबले.

"मावशी तर पाण्यातच उभी असते," टिकली म्हणाली.

काकांनी कान खाजवला. मग मुकाट्याने शटर ओढलं. मुलं पुढे, काका मागे, अशी वरात काठाकाठाने निघाली. भेटेल त्याचा फोन घेऊन काका इशारा चालू करून देत होते आणि सगळ्यांची बोलणी खात होते.

दुपारी फोन पुन्हा कोकलले, या वेळी काठावरचेही. धरणातून पाणी सोडलं होतं!

"काहीतरीच! ऊन तर केवढं पडलंय," मावशी कुरकुरली.

"पाऊस वर धरणाकडे पडतोय, मावशी! चल आधी!"

तिघांनी ओल्या चादरींची गाठोडी उचलून चढण गाठली. काठ रिकामा झाला. थोड्याच वेळात गढूळ पाण्याचा लोंढा आला आणि मावशीचा धुण्याचा दगड दिसेनासा झाला.

आपत्ती विभागाचे साहेब धावतपळत आले. काकांनी खाली मान घालून सगळं सांगितलं.

"पुढच्या चाचणीला या दोघांना बरोबर घेणार मी," साहेब म्हणाले. "फोन वाजला की नाही, हे आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं."

मावशी पाण्याकडे बघत होती. मग तिने ओल्या हातानेच टिकलीला जवळ ओढलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.