पहाटेची घंटा आणि रात्रपाळी

“दोर ओढायचा नाही गं बाळ, सोडायचा. हात सैल ठेव… घंटा आपली आपण बोलेल.”

बाबांचा हा आवाज रोज पहाटे तिच्या कानात असायचा. बाबा गेले आणि प्रार्थनाघराच्या मनोऱ्यातली घंटा वाजवण्याचं त्यांचं व्रत धाकट्या लेकीकडे आलं. अंघोळ, मनातल्या मनात नामस्मरण, ओलसर पायऱ्या, हाताला गार लागणारा दोर… आणि उजाडता उजाडता गल्लीभर पसरत जाणारा तो स्वर. मग दिवसभर ती आणि तिचं शिवणाचं दुकान.

तिथेच तो आला. बाहेर रिमझिम होती. केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले, काखेत काळ्या कापडाचा गठ्ठा.

“पडदा शिवायचाय. इतका जाड, की उजेड आत येता कामा नये… आणि आवाजही.”

“उजेड अडवीन. आवाजाचं काही सांगता येत नाही.”

“मी इस्पितळात ब्रदर आहे, रुग्णांची शुश्रूषा करतो, रात्रपाळीला. पहाटे घरी येऊन जरा कुठे डोळा लागतो, की ती घंटा! कोण वाजवतं हो? माणूस आहे की वैरी?”

तिने ओठांत धरलेली टाचणी काढली. “मीच.”

तो इतका ओशाळला की तिला हसू आवरेना.

“नाही, म्हणजे… वाजवता छान.”

“आता लोणी लावू नका. खिडकीचं माप सांगा.”

पडदा आधी आखूड झाला, मग लांब, मग म्हणे त्याला अस्तर हवं. खरं तर तो पहिल्याच खेपेला नीट बसला होता. हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही… पण बोलणार कोण?

एक दिवस मात्र तो दारातच उभा राहिला.

“आधीच सांगतो. घंटा बंद व्हावी म्हणून नगरपालिकेत अर्ज दिलाय मी. बसचालक, पाववाले, आमच्या सिस्टर, सगळ्यांच्या सह्या आहेत. तुमच्या पाठीमागे केलं असं नको व्हायला.”

“मी सही देणार नाही.”

“मागतोय कुठे? तुम्ही दिली असती तर मलाच वाईट वाटलं असतं.”

ती मान खाली घालून शिवत राहिली. टाके वाकडे पडले, उसवावे लागले. त्या दिवशी तिचा उपास होता, हे बोलण्यात आलं होतं. त्याने स्वतःसाठी आणलेला चहा तसाच बाकावर ठेवला आणि बोलता बोलता निवू दिला. का, ते तिने विचारलं नाही. पण घरी जाताना त्या निवलेल्या चहानेच तिचा जीव कासावीस केला.

त्या अर्जावर नगरपालिकेने सभा बोलावली, त्या दिवशी दालन गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत प्रार्थनाघराचे कारभारी, म्हणजे तिचेच मामा. तो बोलायला उठला आणि मागून आरोळ्या सुरू झाल्या. “देव नको तर गाव सोडा!” “झोपाळू कुठला!”

सभेत कधी तोंड न उघडणारी ती उभी राहिली.

“त्यांचं पुरं होऊ द्या. रात्रभर आपलीच माणसं सांभाळतात ते. मग मी माझं सांगेन… ते त्यांना मुळीच पटणार नाही.”

लोक हसले आणि गप्प झाले. तो बोलला. मग ती बोलली. “घरोघरी घड्याळं आहेत की, ताई!” असं बसचालकाने मध्येच म्हटलं, तेव्हा त्याने चालकाच्या खांद्यावर हात ठेवला. “ऐकून घे ना राव.”

नगराध्यक्षबाईंनी निकाल दिला, “मतदान पुढच्या महिन्यात. तोवर घंटा चालू राहील. पण ही परवानगी अखंड प्रथा म्हणून आहे. एक दिवस जरी खंड पडला, तरी ती रद्द.”

बाहेर पडल्यावर तिच्या जिवलग मैत्रिणीने, शेजारच्या फुलवालीने, तिला गाठलं. “तू नक्की कुणाच्या बाजूची गं?”

“घंटेच्या.”

“मग त्याची वकिली कशाला?”

“वकिली नाही. त्याची झोपमोड होते, ते खरंच आहे ना?”

मैत्रीण फणकाऱ्याने निघून गेली आणि बोलेनाशी झाली. आणि इकडे हिचं ध्यान पांगू लागलं. घंटा वाजवताना नाम ओठांवर असायचं, पण नजर मनोऱ्यासमोरच्या त्याच्या खिडकीतल्या काळ्या पडद्यावर. आता जागा झाला असेल… चिडला असेल… तिला अपराधी वाटायचं. आणि देवा, बरंही वाटायचं!

अशातच फोन आला. परगावच्या ताईला वेळेआधीच कळा सुरू झाल्या होत्या, जवळ कुणी नव्हतं. मामांचे गुडघे मनोरा चढण्याजोगे नव्हते. सभेत ओरडणाऱ्यांपैकी पहाटे उठायला एकही तयार होईना. तिने मुकाट्याने पिशवी भरली. दुकानाला कुलूप घालत असताना तो आला. तिने सगळं सांगितलं.

 त्याने हात पुढे केला. “मनोऱ्याची किल्ली दे.”

‘दे’ म्हणाला… तिच्या ते लक्षात आलं.

“अहो, खंड पडला तर तुमचंच काम होईल.”

“माझी सही तशीच राहील. तू परत आलीस की सभेत पुन्हा भांडू. पण घंटा बंद पडायची तर ती लोकांनी ठरवून. तू बहिणीपाशी बसली आहेस म्हणून नाही.”

“पण तुमची श्रद्धा…”

“नाहीच आहे. वाजवीन मात्र रोज. शब्द देतो.” मग खालच्या आवाजात, “लवकर ये. तुझ्याशिवाय इथे मला कुणी नीट विरोधही करत नाही.”

किल्ली देताना बोटांना बोटं लागली. ती काढून घ्यायची दोघांनाही घाई नव्हती.

दुसऱ्या पहाटे, दूरच्या इस्पितळातल्या बाकावर, ती फिकट होणाऱ्या आभाळाकडे बघत बसली होती. इथवर घंटा ऐकू येणं शक्यच नव्हतं. तरी ती कान देऊन होती… घंटेला, की त्याला, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

त्याच वेळी तो कामावरून आला होता. डोळा लागू नये म्हणून पलंगाकडे फिरकलाही नव्हता, ताठ पाठीच्या खुर्चीत बसून राहिला होता. झुंजूमुंजू झालं तसा उठला, तोंडावर पाणी मारलं, किल्ली घेतली. खालच्या मजल्यावर बसचालक नुकताच झोपला होता. त्याची झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊन, अनवाणी पावलांनी, तो घंटा वाजवायला जिना उतरू लागला.