खंडेनवमीला बंद केलेले पाय

बॅटरी भरलेली होती. एकही स्क्रू सैल नव्हता, एकही तार तुटलेली नव्हती. काल सकाळी सात वाजेपर्यंत जे पाय घरभर चालत होते, ते आज दसऱ्याच्या दिवशी सकाळी आठ वाजता खुर्चीपुढे नुसते उभे होते. शलाकाने बटण दाबले. पुन्हा दाबले. मग बोट दुखेपर्यंत दाबून धरले.

हे पाय तिच्या आईचे होते. इचलकरंजीत प्राजक्ता मगदूम यांचा लेथ सगळ्यांना माहीत आहे. मागांचे झिजलेले सुटे भाग त्या असे कातून द्यायच्या, की मागवाले नवीन भाग घ्यायचे विसरून जात. चार वर्षांपूर्वी मणक्याच्या आजाराने त्यांच्या पायांतली ताकद गेली. नाही म्हणायला आधार धरून उभे राहता येई, दोन-चार पावले टाकता येत, एवढेच. गेल्या दिवाळीत घरात बाह्यसांगाडा (पायांना बाहेरून बांधायचा, मोटरवर चालणारा आधार) आला आणि आई पुन्हा लेथपुढे उभी राहिली. तिच्या चालण्याचा एक खास आवाज होता. उजवा पाय पडला की टक, डावा पडला की टप. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच शलाकाला तो ऐकू येई आणि दप्तर हलके वाटे.

आता खंडेनवमीला काय करतात हे इचलकरंजीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. हत्यारे पुसायची, तेलपाणी करायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडूची माळ घालायची आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांनाही विश्रांती. माग बंद, लेथ बंद, अगदी पान्हेसुद्धा पाटावर. काल शलाकाच हट्ट करून म्हणाली होती, "आई, तुझे पायपण राबतात की! त्यांचीपण पूजा करूया." आई हसून चाकाच्या खुर्चीत बसली. शलाकाने पायांची बॅटरी काढली, सांधे तेलाच्या फडक्याने पुसले, एकूण एक झाकणावर कुंकवाचे बोट लावले. त्या पूजेचे फळ आज समोर उभे होते.

तेवढ्यात कमरेच्या पट्ट्यावरची छोटी पाटी उजळली. शलाकाने मोठ्याने वाचले.

"परवाना संपला आहे. उपकरण चोरीस गेल्याची शक्यता आहे. आज सायंकाळी सहा वाजता खासगी स्मृती पुसली जाईल."

"म्हणजे काय गं आई?"

आईने पाटी पुन्हा वाचली. "माझी चाल पुसणार कंपनी," ती हळूच म्हणाली. "अकरा महिने शिकलेत हे पाय, मी कशी वाकते, कुठं तोल जातो. ते सगळं गेलं तर... परत पहिल्यापासून." पहिल्यापासून म्हणजे काय हे शलाकाला आठवत होते. सुरुवातीचे पाच महिने आई रोज पडायची. गुडघ्यांवर निळे डाग आणि ओठ घट्ट मिटलेले. आणि पायांचा हा नमुना कंपनीने आता बंद केला होता, तेव्हा शिकवायला माणूस तरी येणार होता का?

'पदगती' कंपनीला फोन लावला. एका गोड यांत्रिक आवाजाने दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या आणि सेवाकेंद्र तीन दिवस बंद असल्याचे तितक्याच गोडीने सांगितले. शलाकाने अकरा वेळा फोन केला. अकराही वेळा शुभेच्छा मिळाल्या. बाबा मालाचा ट्रक घेऊन सुरतेला गेलेले, ते येणार परवा.

शेजारचे कुंभोजेकाका आपट्याची पाने घेऊन आले आणि सोने द्यायचे सोडून मत देऊन बसले. मत द्यायला काकांना कधी सणवार आडवा आला नाही. "अगं, घेताना अटी मान्य केल्यात न्हवं? मग कंपनीचं काय चुकलं? त्यांचं यंत्र, त्यांचे नियम."

"त्यांचं कसं? आम्ही विकत घेतलंय!" शलाका ओरडली आणि मग तिला रडूच फुटले. कारण काका काहीही म्हणोत, बॅटरी काढली होती ती तिने. आईचे पाय तिने घालवले होते.

दुरुस्तीशाळेच्या काझी मॅडम हा एकच माणूस उरला होता. नसीमा काझी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तीस वर्षे संगणकाच्या कुलपांवर काम करून गावी परतल्या होत्या. मोडकी यंत्रे दारात टाकून जाणाऱ्यांना त्या पळू देत नसत. बसवून दुरुस्ती शिकवत. शलाका सायकलवरून तिकडे पोचली तर मॅडम जयसिंगपूरला गेलेल्या. ती पायरीवर बसून राहिली. उन्हाने पायरी तापली. घड्याळात एक वाजला, दोन वाजले. सहा वाजता आईचे चालणे संपणार आणि आपण इथे नुसते बसलोय, असे तिला सारखे वाटत होते. मॅडम तीन वाजता आल्या.

शलाकाच्या घरी येऊन त्यांनी पाय उलटसुलट करून पाहिले, पाटी वाचली. मग त्यांनी विचारले, "बेटा, बॅटरी किती वेळ काढली होतीस?"

"काल सातपासून आज आठपर्यंत. पंचवीस तास. मीच केलं सगळं." शलाका म्हणाली.

"हां. एक तास जास्त झाला. ऐक, तू काही मोडलेलं नाहीस. या पायांच्या आत एक कार्यक्रम आहे, म्हणजे मोटरांना हुकूम देणारी सूचनांची यादी. तुम्ही लोखंड विकत घेतलंत, मोटरा घेतल्यात. पण कार्यक्रम विकत मिळाला नाही. तो फक्त वापरायची परवानगी मिळाली. तिलाच परवाना म्हणायचं. दर चोवीस तासांनी हे पाय इंटरनेटवरून कंपनीला विचारतात, 'चालू का?' कंपनी 'चाल' म्हणते. काल ते मुके होते, विचारणार कसे? चोवीस तास उत्तर आलं नाही, म्हणून त्यांना वाटलं, आपल्याला चोरानं नेलं. आता सेवाकेंद्रातून कुणी 'चाल' म्हटल्याशिवाय ते हलणार नाहीत."

"रोज विचारतात?" आईने विचारले. "मला कुणी सांगितलं न्हाई."

"अटींच्या चाळिसाव्या पानावर असेल," मॅडम म्हणाल्या. कुंभोजेकाका झेंडूच्या माळेकडे बघू लागले.

"मग तुम्हीच म्हणा ना 'चाल'!" शलाका म्हणाली. "तुम्हाला कुलपं येतात."

मॅडमनी खडू घेतला. फरशीवर लिहिले, ४७ गुणिले ५९. "कर गुणाकार."

शलाकाला राग आला. इथे जीव टांगणीला लागलाय आणि यांना गुणाकार सुचतोय! तरी तिने केला. "दोन हजार सातशे त्र्याहत्तर."

"अर्धं मिनिट लागलं. आता तुला मी फक्त २७७३ दिलं असतं आणि म्हटलं असतं, हा आकडा कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकारातून आला ते सांग?"

"तीननं भागून बघायचं, सातनं, अकरानं... खूप वेळ लागंल."

"हेच कुलूप. कंपनीकडे दोन प्रचंड मोठ्या संख्या आहेत, त्या गुप्त. त्यांचा गुणाकार पायांना माहीत आहे. 'चाल' या निरोपावर कंपनी त्या गुप्त संख्यांनी अंकीय सही (गणिताने केलेली, नक्कल न होणारी खूण) करते. पाय सही तपासू शकतात, पण स्वतः करू शकत नाहीत. मीही नाही. सहाशे आकडी संख्या फोडायला जगातले आजचे सगळे संगणक जुंपले तरी आपल्या हयातीत जमायचं नाही."

म्हणजे संपलेच. शलाका मटकन खाली बसली. चार वाजून दहा मिनिटे झाली होती.

"पण," मॅडम खडू झटकत म्हणाल्या, "कुलूप चालण्याच्या परवान्यावर आहे. प्राजक्ताची चाल ही प्राजक्ताची आहे. तिच्या शरीरातून आली. गेल्या वर्षी राज्यात कायदा झालाय, की शरीराची नोंद ज्याची त्याला मागता आली पाहिजे आणि प्रत्येक उपकरणाला त्यासाठी नोंदद्वार (स्वतःची माहिती बाहेर काढून घ्यायचं तोंड) हवं. कंपन्यांनी ते केलं. फक्त कुठं केलं ते सांगायचं बंधन नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. पुस्तिकेत असेल असं मला वाटत नाही."

पुस्तिकेत नव्हते. मॅडमनी भिंग लावून पट्टा पाहिला, सांधे चाचपले. काकाही गुडघ्यावर बसून शोधू लागले. साडेचार झाले. शलाका डोळे मिटून कालची पूजा आठवत होती. गुडघे, घोटे, कंबर... आणि डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला, पट्टीखाली, नखाएवढे एक झाकण.

"तिथं आहे! मी तिथं कुंकू लावलंय!"

पट्टी उचलली, तर लाल ठिपका होताच. मॅडमनी झाकण काढून तार जोडली. पाटीवर नवी अक्षरे आली. "नोंद मूळ व्यक्तीलाच मिळेल. ओळखीसाठी सलग दहा पावले चालून दाखवा."

"मोटरा बंद असताना?" आईने विचारले.

"संवेदक (हालचाल टिपणारे छोटे डोळे) जागे आहेत. मोटरा मात्र मदत करणार नाहीत. सांधे मोकळे आहेत, पण नऊ किलोचं ओझं तुलाच उचलावं लागेल." मॅडम थांबल्या. "पडलीस तर मणक्याला लागू शकतं. नको वाटत असेल तर नको म्हण."

शलाकाला वाटले, ओरडून सांगावे की आई, नको. पुन्हा पाच महिने पड, पण आज नको पडू. आईने पट्टे बांधायला घेतले होते.

पहिल्या खेपेला भिंतीला धरून चार पावले झाली आणि आई कोसळली. काकांनी मागून खुर्ची ढकलली म्हणून फरशीवर आदळली नाही. "काका, खुर्ची लांब न्यायची न्हाई हां," ती धापा टाकत म्हणाली. काकांनी मान हलवली. मगाचे मत त्यांनी कुठेतरी ठेवून दिले होते.

पाच वाजून वीस मिनिटे. नोंदीची प्रत उतरायला अर्धा तास लागणार होता. आता एकच खेप उरली होती.

शलाका आईकडे तोंड करून उभी राहिली, दोन्ही हात तिच्या हातात दिले. "मी मागं मागं जाते. तू माझ्याकडं बघ." आईची बोटे घामाने ओली होती. एक. दोन. लेथजवळून, पाटावरच्या पान्ह्यांजवळून. पाच. आईचे ओठ तसेच घट्ट मिटलेले. सहाव्याला डावा पाय अडला आणि शलाकाने आईचे हात आणखी घट्ट धरले. मग पाय सुटला. सात. आठ. नऊ. आईचे सगळे वजन तिच्या मनगटांवर आले, ती मोडतील असे वाटले, तिने सोडले नाही.

दहा.

पाटी हिरवी झाली. आई खुर्चीत पडली आणि दोघी एकमेकींना धरून रडल्या. तारेतून नोंद उतरत राहिली आणि पाच वाजून चोपन्न मिनिटांनी पूर्ण झाली. ठीक सहाला पाटी विझली. पाय आता कुणालाच ओळखत नव्हते.

चार दिवसांनी दुरुस्तीशाळेत मुलांनी जुन्या भागांतून जुळवलेले दुसरे पाय आईला बांधले. त्यांचा कार्यक्रम खुला होता, म्हणजे कुणीही वाचावा, तपासावा, सुधारावा असा. तो कुणाला 'चालू का?' असे विचारत नव्हता. दिसायला ते अगदीच बेंगरूळ होते. मॅडमनी आईची नोंद त्यात भरली. आई उठली. टक. टप. शलाकाने तोंड फिरवले, कारण मॅडमपुढे पुन्हा रडायचे नाही असे तिने ठरवले होते.

पुढे कोल्हापुरात शरीराच्या नोंदीच्या कायद्यावर जनसुनावणी (सरकारने लोकांची मते ऐकण्याची सभा) झाली. कंपनीचे अधिकारी म्हणाले, कुलूप नसेल तर चोरांचे फावेल. ते खोटे नव्हते. तेव्हा शलाका उभी राहिली. "कुलूप असू दे की," ती म्हणाली. "पण दुसरी किल्ली आमच्याजवळ द्या. घर आमचं, तर किल्ली तुमच्याच खिशात कशी?" कुंभोजेकाकांनी सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या. कायद्याच्या नव्या मसुद्यात दुसऱ्या किल्लीचे कलम आले. ते मंजूर व्हायचे आहे.

वर्ष फिरले आणि खंडेनवमी आली. शलाकाने तेलाचे फडके काढले नाही. "या वर्षी नको ना," ती म्हणाली. "चालूच ठेवूया."

"का? राबलेत की वर्षभर," आई म्हणाली आणि तिने स्वतःच बॅटरी काढली. शलाकाने पूजा केली. दिवसभर तिचे लक्ष घड्याळाकडे होते.

दसऱ्याच्या सकाळी आठ वाजता आईने बॅटरी बसवून पट्टे बांधले. चोवीस तास उलटून गेले होते. "दाब बटण," ती म्हणाली.

शलाकाने डोळे घट्ट मिटून बटण दाबले. काहीच आवाज आला नाही.

टक.

आणि मग, जरा उशिरानेच, टप.