सगळे आले ना?

शीला घाडगे यांनी मॉरिशसची सहल ठरवली तेव्हा त्यांचा मुलगा सर्वेश दोन दिवस घुश्श्यातच होता. शीलाताई कल्याणच्या इस्पितळात एकतीस वर्षं परिचारिका होत्या. नवरा पोपटराव शहाडच्या कारखान्यात फिटर. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय बराच सुधारला, पण उजवा हात लोंबता राहिला आणि वाचा गेली ती गेलीच. भूक लागली तरी ‘हं’, दुखलं तरी ‘हं’.

“तिकडे काही झालं तर?” सर्वेशने विचारलं.

“इथे डोंबिवलीत खिडकीशी बसून काय होतंय, ते रोज बघतेय मी,” त्या म्हणाल्या. “मी यांना नेणार.”

आणि नेलं.

तिसऱ्या दिवशी बसने बेट फिरायचं होतं. डोंबिवली-कल्याणची एकवीस माणसं आणि गाइड देवेश. देवेश तिथलाच. त्याचे पूर्वज कधीकाळी कोकणातून उसाच्या मळ्यांत राबायला गेलेले. तो माइकवर अडखळत मराठी बोलायचा, ते सगळ्यांना गोड वाटायचं. किनारा मागे पडला, बस डोंगर चढू लागली. दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस, मध्ये काळ्या दगडांचे ढीग. मागून चकल्यांचा डबा फिरत आला. शीलाताईंनी एक चकली मोडून नवऱ्याच्या डाव्या हातात दिली.

“धुराडं,” पोपटराव म्हणाले.

स्पष्ट शब्द. शीलाताईंचा हात डब्यावरच थांबला. दोन वर्षांनी वाचा अशी एकदम परत येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात बस वळली आणि उसातून एक जुनं दगडी धुराडं वर आलं. “ही जुनी साखर फॅक्टरी,” देवेश माइकवर सांगू लागला.

लांबून दिसलं असेल यांना, शीलाताईंनी मनाशी म्हटलं. डोळे मात्र भरून आले.

“फुडे बाव आसा,” पोपटराव म्हणाले. “कठडो फुटलेलो.”

दोन वळणांनंतर रस्त्याच्या कडेला विहीर आली. कठडा एका बाजूने ढासळलेला. देवेश तिच्याबद्दल काहीच बोलला नाही. शीलाताईंनी त्याला विचारलं.

“पंधरा वर्षं या रस्त्यावर येतो, काकी,” तो म्हणाला. “ही विहीर मी आज पाहिली.”

शीलाताईंनी नवऱ्याकडे नीट वळून पाहिलं. पोपटराव साताऱ्याकडचे. कोकणात त्यांचं कुणी नव्हतं. ही बोली त्यांच्या तोंडी कधीच आली नव्हती.

दरी बघायला बस थांबली, तेव्हा धुकं उतरलं होतं. शीलाताई बाटलीत पाणी भरून वळल्या, तर पोपटराव जागेवर नव्हते. ओल्या मातीत एक पाय ओढल्याची खूण उसाकडे गेली होती.

“थांबा काकी, मी बघतो,” देवेश म्हणाला.

“माझा माणूस आहे. मीच आणते,” म्हणून त्या उसात शिरल्या.

पाती गालांना कापत होती. बसचा हॉर्न मागे अगदी बारीक ऐकू येत होता. पुढे मोकळी जागा लागली. तिथे एका पडक्या घराचं जोतं होतं आणि त्यावर पोपटराव बसले होते.

“ह्यां आमचां घर,” ते म्हणाले.

“असेल. उठा आता.”

त्यांनी वर पाहिलं, हसले आणि हात पुढे केला. शीलाताईंनी तो धरला. पकड घट्ट होती, तळवा गरम.

हात उजवा होता.

बसपर्यंत ते त्यांच्या पुढे चालले. पाय ओढत नव्हता.

सगळे बसले. देवेशने माणसं मोजली. एकवीस.

“सगळे आले ना?”

शीलाताईंनी खिडकीतून पाहिलं. उसाच्या कडेला कुणीतरी उभं होतं. अंगात त्यांनीच विणलेला निळा स्वेटर. उजवा हात लोंबता. तोंड उघडत होतं, मिटत होतं.

शेजारी निळ्या स्वेटरमधला माणूस उजव्या हाताने चकली मोडत होता. अर्धी त्याने त्यांच्यापुढे धरली.

“काकी? सगळे आले?”

दोन वर्षं भरवलेले घास त्यांना आठवले. ते एकच ‘हं’ आठवलं.

“आले,” शीलाताई म्हणाल्या. “चला.”

त्यांनी पडदा ओढला आणि तो हातात धरून ठेवला.

रविवारी दुपारी ती दोघं डोंबिवलीला पोहोचली. सर्वेश बॅगा घेऊन मागे. बाबा पाय न ओढता चालतात, बोलतात, हे बघून तो लिफ्टमध्येच रडला होता. शीलाताईंनी कुलूप काढलं. पोपटरावांनी चपला काढून भिंतीशी नीट ठेवल्या, पण उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

“बाबा, चला ना आत,” सर्वेश म्हणाला.

ते शीलाताईंकडे बघत राहिले.

“या,” त्या म्हणाल्या.

मग ते आत आले, खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले. सर्वेश बॅगा ठेवायला आतल्या खोलीत गेला, तसा त्यांनी आवाज खाली आणून आदबीने विचारलं, “बाय, घरधनी खंय गेले?”

शीलाताईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर ठेवला.

“बाहेरगावी,” त्या म्हणाल्या.