चार आण्यांची लाल काच

हसू नका, पण इन्फ्रारेड फोटो काढणारा गोंदियातला पहिला माणूस मी, टेकचंद फोटोवाला. सन पंचावन्नची गोष्ट. प्लेटा कलकत्त्याहून मागवल्या. फिल्टरचा विलायती भाव ऐकून मात्र सरळ भंगारवाल्याकडे गेलो आणि रेल्वे गार्डाच्या कंदिलाची फुटकी लाल काच चार आण्यांत आणली. घासून गोल केली, डब्याच्या झाकणात बसवून लेन्सवर चढवली. त्या काचेतून जिवंत पान पिठासारखं पांढरं उतरतं; ज्यात जीव नाही ते काळं. बायकोला, वच्छलाला, मी रोज ऐकवायचो, "माझी काच खोटं बोलत नाही."

नागपूरच्या प्रदर्शनात फोटो द्यायचा होता. कार्तिकात बसने देवरीकडे गेलो. भर दुपार, लख्ख ऊन, वस्तीच्या कडेला मोहाची हिरवीगार झाडं. फोटो झाल्यावर घरी पुन्हा तपासायला म्हणून मधल्या मोहाची डहाळी मोडली, तशी सावलीत बसलेली बाई उठून आली. मंगली तिचं नाव.

"नोका नेऊ जी. तो मोह बुधरामचा आहे. माह्या नवऱ्याचा."

"विचारतो त्याला. कुठं आहे?"

"मेला. आमच्या घरी मेल्या माणसाच्या नावानं झाड सोडतेत. वर्षभर त्याचं पान कोणी घरी नेत नाही."

"आणि नेलं तर?"

ती डहाळीकडे पाहत राहिली. "मंग तो त्याच घरी येऊन रायते..."

मी डहाळी पिशवीत घातली. शिकलेला माणूस होतो ना.

फोटो असा आला की माझी मलाच दृष्ट लागावी. काळं आभाळ, पांढरीशुभ्र झाडं. मधला मोह तेवढा पानापानासकट काळाठिक्कर. परीक्षकांना तीच करामत वाटली. पहिला नंबर आला, प्रशस्तिपत्र दुकानात टांगलं आणि गिऱ्हाइकांना दोनदोनदा वाचून दाखवलं.

डहाळी वच्छलाने लोट्यात, तुळशीपाशी ठेवली होती. रोज पाणी बदलायची, उरलेलं तुळशीला घालायची. महिना झाला, एक पान गळलं नाही. मग एका दुपारी अंगणात मोहफुलांचा वास सुटला. गोडसर, जड... मोह फुलायला अजून तीन महिने होते.

एकच प्लेट शिल्लक होती. तुळशीला पाणी घालणाऱ्या वच्छलाचा फोटो घेतला आणि अंधाऱ्या खोलीत शिरून आतून कडी लावली. ट्रेमध्ये कागदावर चित्र हळूहळू उमटू लागलं. माझी हिरवीगार तुळस काळी आली. वच्छलाचा चेहरा गोरापान. लोटा धरलेला उजवा हात मात्र बोटांपासून कांकणांपर्यंत काळा.

"कसा आला जी?" तिने दाराबाहेरून विचारलं.

काच फुटकी आहे, प्लेट जुनी होती, असं म्हणायला तोंड उघडलं. पण ती काच खोटं बोलत नाही, हे तिला मीच शिकवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःची लाज वाटली.

"छान आला," म्हणालो. दार उघडून तिचा हात हातात घेतला. नेहमीसारखाच होता, उबदार. त्याला मोहफुलांचा वास येत होता. "हा वास कुठून आला?" मी विचारलं.

"मले कायले पुसता?" ती हळूच म्हणाली. "आताच तर हात धरला होता तुम्ही... अंगणात."