अकरा पावलांची पट्टी

मच्छिंद्रा, तो कंदील जरा बाजूला ठेव, डोळ्यावर येतो. लाइट काही नऊच्या आत येत नाही, आणि हुरड्याच्या आगटीत अजून बराबर निखारा आहे, तोवर बसू. तुझ्या या जालन्याच्या मावसभावांनाही जवळ घे. गार पडलंय.

जेवताना तू काय बोललास ते मी ऐकलं. घरात नवा ट्रॅक्टर आलाय, नांगरताना शेजाऱ्याच्या बांधाच्या दोन सऱ्या, दोन तास आपल्यात ओढायचे, कोणाला कळतंय? आता मान खाली घालू नको. तुझा मामा तीस वर्षं तलाठी होता. असले दोन-दोन तास ओढणारे मी ढिगाने पाहिले. त्यातल्या एकाचं सांगतो. ऐकीव नाही. सकाळी मी तिथे उभा होतो, आणि रात्रीचं त्याने स्वतः मला सांगितलं.

तुमच्याच शिवारातली गोष्ट. टेंभुर्णीच्या रस्त्याला लागायच्या आधी ओढा लागतो ना, त्याच्या पलीकडे कडूबाचं रान. कडूबा चांगला माणूस होता, हे आधीच सांगून ठेवतो. गावात कोणाकडे मयत झालं तर लाकडं फोडायला पहिला हजर. भावकीत भांडण लागलं की त्याला मध्ये बसवायचे, कारण कडूबा खोटं बोलत नाही असं सगळं गाव म्हणायचं.

त्याच्या रानाला लागून रखमाजीचं रान. रखमाजी त्याचा चुलता, पण कडूबा त्याला तात्या म्हणायचा. आई लवकर गेली, त्यामुळे कडूबाचं निम्मं लहानपण रखमाजीच्या चुलीपुढेच गेलं. रखमाजीची बायको सोनूबाई, तिच्या हातची भाकर खाऊन तो वाढला. पुढे सर्वे नंबर जाऊन गट पडले, तेव्हा दोन्ही रानांच्या मध्ये हद्दीचा दगड रोवला गेला.

तुम्हा पोरांना हे माहीत नसेल. जुनी माणसं नुसता दगड रोवत नसत. आधी खड्ड्यात गाडगंभर कोळसा पुरायचा आणि त्याच्यावर दगड. लाकूड सडतं, लोखंड गंजतं, कोळशाला शंभर वर्षं काही होत नाही. उद्या कोणी दगड हलवला तर खाली कोळसा सापडतो, तीच खरी हद्द. त्या दिवशी कोळसा सोनूबाईच्या चुलीतला होता. गाडग्याला दोन्हीकडच्यांनी हात लावायचा असतो. रखमाजीने लावला, आणि बापाच्या वतीने कडूबाने लावला. तेव्हा त्याला नुकतंच मिसरूड फुटलेलं.

रखमाजी पंच्याऐंशी साली गेला. पुढची दोन वर्षं पावसाने दगा दिला आणि कडूबाची विहीर आटली. रखमाजीने स्वतःच्या हाताने खोदलेली विहीर मात्र भर उन्हाळ्यात पाण्यावर. ती बांधापासून सहा पावलांवर, सोनूबाईच्या हद्दीत. कडूबाने आधी नांगराने दोन तास घेतले. मग आणखी दोन. आणि एका रात्री पहारीने दगडच उपटला आणि अकरा पावलं पुढे नेऊन रोवला. विहीर त्याच्याकडे आली.

सोनूबाईला मुलगा नाही, एक लेक, ती परतूरला दिलेली. ती कडूबाकडे गेली आणि एवढंच म्हणाली, "कडूबा, हीर माझ्या अंगाला व्हती ना रे?" तो म्हणाला, काकू, तुमचा काही तरी घोटाळा होऊन राह्यला. झालं. खोटं न बोलणारा माणूस बोलला, म्हणून गावाने तेच खरं धरलं. खरं सांगतो, मीही धरलं. तीन वर्षं ती बाई ओढ्याच्या वाळूत खड्डा, झिरा खांदून डोक्यावर पाणी नेत होती, आणि माझ्या वहीत सगळं ठीक होतं.

शेवटी तिच्या जावयाने मोजणीचा अर्ज दिला. उभ्या पिकात सहसा मोजणी करत नाहीत, पण तिच्या बाजूला हरभरा होता, घोट्याच्या वर जरासा, म्हणून मोजणीदार तयार झाला. तारीख पडली बुधवारची. नोटीस घेऊन मीच कडूबाकडे गेलो. सही घेताना सहज बोलून गेलो, की हा मोजणीदार जुन्या वळणाचा आहे, शंका आली की खोदून कोळसा बघतो. कडूबा माझ्याकडे बघतच राहिला. त्याने दगड नेला होता. कोळसा जागेवरच राहिला होता. माझ्यामुळेच त्याला ते आठवलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

मोजणीची आदली रात्र. मंगळवार, पंधरा जानेवारी एक्क्याण्णव. संक्रांतीचा दुसरा दिवस, म्हणजे कर. कोणी नवं काम हातात घेत नाही. त्यात अमावस्या. रेडिओवर आखातातली लढाई आज सुरू होते की उद्या, हेच चाललं होतं. कडूबाने जेवण केलं, बातम्या ऐकल्या, आणि बायकोला म्हणाला, ज्वारीला पाणी द्यायचंय, दारं धरून येतो. टिकाव घेतला, बॅटरी घेतली. कुत्रं मागे निघालं.

काम तासाभराचं होतं. जुन्या जागेवरचं गाडगं काढायचं, अकरा पावलं पुढे नव्या दगडाखाली पुरायचं, घरी यायचं. जुनी जागा त्याला पाठ होती. विहिरीच्या मोटेचा दगड आणि ओढ्यावरची चिंच एका रेषेत आली की तिथे. हिसकावलेल्या पट्टीतही त्याने ज्वारीच पेरली होती, पुरुषभर उंच. चार ताटं उपटली आणि खोदलं. हातभर खाली गाडगं लागलं. कड फुटलेली, पण कोळसा तसाच. त्याने आत बोटं घालून पाहिलं. ओला आणि थंडगार.

गाडगं पोटाशी धरून तो दगडाकडे निघाला. मनात पावलं मोजत होता. सहाव्याला उजव्या हाताला विहीर लागली, बराबर. मग सात, आठ, नऊ, दहा, अकरा. दगड नाही. अंधारात तिरपा गेलो असेन म्हणून आणखी चार टाकली. पाय खड्ड्यात गेला. बॅटरी लावली तर त्यानेच आत्ता खांदलेला खड्डा.

कडूबा भित्रा नव्हता. त्याने ओळखलं, चकवा लागलाय. रात्रीच्या रानात हे होतं, घाबरायचं काही नसतं. सदरा काढून उलटा घातला, चपला या पायातल्या त्या पायात केल्या, आणि विचार केला की गाडगं राहू दे, आधी इथून बाहेर पडू. त्याच्या आखाड्यावरचा, रानातल्या खोपीवरचा बल्ब ज्वारीच्या शेंड्यांवरून दिसत होता. त्याच्याकडे तोंड करून सरळ चालू लागला. नऊ पावलांवर त्याच्या पायाला गार दगड लागला. खाली पाहिलं. विहिरीचा काठ. आणि बल्ब पाठीमागे.

तो वळला. पुन्हा बल्ब समोर धरला. यावेळी सहा पावलं... आणि विहीर.

मग बांधाच्या लांबीने गेला. ज्वारीची पानं तोंडावर फटाफट लागत होती. कितीही चालला तरी ज्वारी संपेना. संपली तेव्हा समोर विहीर. यावेळी चार पावलं.

पट्टी अरुंद होत चालली होती.

कुत्रं बाहेर होतं. नव्या दगडापलीकडे, हरभऱ्यात. बॅटरीत त्याचे डोळे चमकत होते. कडूबाने यू यू केलं. ते उठलं, बांधापाशी आलं, आणि तिथेच थांबलं. आत आलं नाही. कण्हत बसलं. त्याच्यापर्यंत दहा हात अंतर असेल. कडूबा पळाला त्याच्याकडे. जीव खाऊन पळाला. पानं, पानं... आणि पायाखालची माती सुटली. त्याने हात मागे टाकला, मोटेचा दगड हाताला लागला म्हणून वाचला. बॅटरी आत गेली. पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

गाडगं दुसऱ्या हातात तसंच होतं. टाकून द्यावं असं त्याला किती वेळा वाटलं. बोटं सुटेनात.

आता एकच विचार. उजाडायच्या आत निघायला पाहिजे. सकाळी मोजणीदार येणार, पंच येणार, सगळी भावकी येणार. काकू येणार. आणि आपण इथे, हे गाडगं घेऊन.

त्याने हाका मारल्या. आवाज ज्वारीच्या बाहेर जाईना.

बल्ब गेला.

कुत्रं गप्प झालं.

दोन पावलं... विहीर. दुसरीकडे दोन पावलं... विहीर.

मग एक पाऊल.

मग तो हललाच नाही. उभा राहिला. आणि शेजारी कोणी तरी खोकलं. दोनदा. बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याचा कोरडा खोकला. पंच्याऐंशी सालापर्यंत सगळ्या गावाने ऐकलेला...

कडूबा म्हणाला, "तात्या?"



मग अगदी कानाजवळ, रागावून नाही, लहानपणी ताटावर बसवायचा तशा आवाजात...

"बस खाली, कडूबा. सकाळी मोजणी हाय."

तो बसला.

सकाळी आठला आम्ही गेलो. मोजणीदार, त्याची साखळी धरणारे दोघं, मी, चार पंच. सोनूबाई आणि तिचा जावई. कडूबाची बायको वाटेत भेटली, म्हणाली, रातच्याला दारं धरायला गेल्ते, अजून आले न्हाईत. मोजणीदाराने चिंचेपासून, ओढ्याच्या कोपऱ्यापासून मापं घेतली, टेबलावर नकाशा लावला, आणि साखळीवाल्याला ज्वारीत शिरायला सांगितलं. तो सांगेल तिथे काठी रोवायची. साखळीवाला आत गेला आणि आतूनच ओरडला, की इथं माणूस बसलाय.

आम्ही ताटं बाजूला करत गेलो. काठी जिथे रोवायची होती, नेमक्या त्याच जागी खड्डा होता आणि खड्ड्यात कडूबा. गुडघे पोटाशी घेतलेले, सदरा उलटा, मांडीवर गाडगं. आजूबाजूची ज्वारी तुडवून गोल झाली होती, बैल मळणीला फिरवल्यासारखी. खड्ड्यापासून विहीर चांगली सहा पावलांवर होती.

विचारायला राहिलंच काय होतं? मीच म्हणालो, ऊठ कडूबा, बाहेर ये. तो उठला. गाडगं घेऊन खड्ड्याच्या कडेला, जुन्या हद्दीपाशी आला. पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. पुन्हा उचलला. समोर ताटं बाजूला सारलेली वाट, दहा-बारा माणसं उभी, चांगलं कोवळं ऊन. त्याला ते एक पाऊल टाकता येईना. लहान मुलासारखा रडायला लागला. गाडगं मांडीवर घेऊन तिथेच खाली बसला.

"आधी दगड आणा," तो म्हणाला. "मी दगड नेल्ता. काकू, म्याच नेल्ता. दगड आणा."

चौघांनी पहारी लावून दगड काढला आणि अकरा पावलं मागे आणला. गाडगं खाली ठेवायच्या आधी दोन्हीकडच्यांनी हात लावायचा म्हणून सोनूबाई पुढे झाली. तिने कडूबाच्या मांडीवरून गाडगं घ्यायला हात घातला आणि पटकन मागे घेतला. पदराने धरून उचललं.

"आत्ता चुलीतून काढल्यावानी हाय रे हे," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. वर राखेचा पातळ थर आणि आत लाल. या आगटीत आत्ता आहे तसा. कडूबा बिडी ओढत नव्हता, त्याच्याजवळ काडेपेटी नव्हती, बॅटरी विहिरीत. आणि रात्री त्याने स्वतः बोटं घालून पाहिलं होतं. ओला, थंडगार.

गाडगं खड्ड्यात ठेवलं तेव्हा ओली माती चर्र वाजली. वर दगड बसवला, माती लोटली, पाणी घातलं. मग कडूबा बाहेर आला. सरळ सोनूबाईच्या पायावर पडला. तिने त्याला उठवलं, सदरा उलटा आहे म्हणाली, आणि तिथेच सगळ्यांसमोर सरळ करून घालायला लावला. विहिरीवर ती त्याच दिवसापासून जायला लागली. कडूबाने त्या संध्याकाळी चावडीत मला एकट्याला रात्रीचं सांगितलं, नंतर पुन्हा कधी नाही. दोन हजार साली तो गेला. पंचनाम्यात मी "कोळसा मिळून आला" एवढंच लिहिलं. गरम होता हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

आली लाइट. चला, झोपा.

मच्छिंद्रा, तू उद्या ट्रॅक्टर कुठे घालायचा तिथे घाल, मी आडवा येणार नाही. फक्त त्याआधी सकाळी लवकर एकदा ओढ्यापलीकडे जाऊन ये. सध्या दव फार पडतंय. हरभरा भिजलेला असतो, ज्वारी भिजलेली असते, बांधावरचं गवत, विहिरीचा काठ, सगळ्या शिवारातले हद्दीचे दगड ओलेचिंब असतात.

तो एक दगड कोरडा असतो.