तीन वीसची ओळ

हे घडलेलं आहे. मी प्रयोगशाळेत काम करते. मोजल्याशिवाय काही लिहायची मला सवय नाही.

दिवस सुट्टीचा होता. भर दुपार. आमच्या घरातलं खालचं स्वयंपाकघर.

सासूबाई वरच्या खोलीत अंथरुणाला खिळून होत्या. घरातल्या घरात बोलायला त्यांच्या उशाशी एक फोन, खाली एक, आणि जिन्याखाली प्रत्येक कॉलची नोंद ठेवणारी पेटी. त्या गेल्या त्याला चाळीस दिवस झाले होते.

नणंद शाळेत भूगोल शिकवते. नुकतीच पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागली होती. पेटीतली फाइल वाचणारा प्रोग्राम तिने लिहून आणला. कशासाठी, ते मला ठाऊक होतं.

"वहिनी, हे बघ."

सासूबाई गेल्या तो दिवस. तीन वीस. वरून खाली... चार वेळा.

"आईने चारदा बोलावलं. तू कुठे होतीस?"

"इथेच. खालचा फोन वाजलाच नाही गं. मीच वर लावत होते. उचलेनात, म्हणून जिना चढले."

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

मी यादी खाली सरकवली. त्यानंतर रोज एक ओळ. तीन वीस. खालून वर.

"आता हे बघ. तीन वीसला घराला कुलूप असतं. त्या गेल्यापासून एकही दुपार मी घरी काढलेली नाही, सुट्टीचीसुद्धा. आजची पहिली. मग रिकाम्या खोलीत फोन मी कसा लावणार? तुझी यादीच उलटी आहे."

कोड जेमतेम दहा ओळींचा. त्यातल्या ओळ छापणाऱ्या फंक्शनला आधी 'कुठून' हवं होतं, मग 'कुठे'. तिने आधी 'कुठे' दिलं होतं. पायथॉन अशा वेळी तक्रार करत नाही. मिळेल ते मुकाट त्या जागी ठेवतो.

"पोरांना दिशा शिकवते मी," ती ओशाळली. "वहिनी, चुकलं माझं."

दोन शब्दांची अदलाबदल. प्रोग्राम पुन्हा चालवला.

तो दिवस. खालून वर, चार वेळा.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस दिवसांनी कुणीतरी माझं खरं मानलं होतं.

तिचं बोट खाली सरकलं... आणि थांबलं.

वरून खाली.

वरून खाली.

वरून खाली.

शेवटची ओळ कालची. वरच्या खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

घड्याळात तीन सतरा.

"वहिनी," ती अगदी हळू म्हणाली, "पुन्हा उलटं करू का?"

मी नको म्हटलं. उलटं केलं की त्या दिवशी सासूबाई बोलावत होत्या आणि मी गेले नाही, असं होतं.

आम्ही चपला घालून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी वरचा फोन तारेसकट काढला.

पेटी अजून आहे. फाइल रोज एका ओळीने वाढते.

सुट्टी असली की मी तीनच्या आत घराबाहेर पडते.